चिमणीचे बूट

क्रीडागृहाच्या चार नंबरच्या दाराशी प्रेक्षकांचा जिना वर जातो. त्या जिन्याच्या पोटात, जिथे एरवी झाडू आणि बादल्या ठेवल्या गेल्या असत्या, तिथे काकांचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं. एकतीस वर्षं ते तिथे बसत होते. एकतीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून हजारो माणसं टाळ्या पिटायला वर गेली आणि घसे बसवून खाली आली. पण आत नेमकं काय चालतं हे बघायला काका एकदाही तो जिना चढले नव्हते.

"चेंडू इकडून तिकडे जातो, तिकडून इकडे येतो," ते म्हणत. "त्यात बघायचं काय?"

दुकानाचा अर्धा भाग काकूंचा. त्या शिलाई मशीनवर बॅगांच्या चेन बदलत, फाटके पट्टे शिवत. काका जितके घुमे तितक्या काकू बोलक्या. गिऱ्हाईक काकांना काही विचारायचं आणि उत्तर काकू द्यायच्या. पुढेपुढे लोक मधला टप्पा गाळून सरळ काकूंनाच विचारायला लागले. काका खाली मान घालून टाके घालत राहायचे, आणि अगदीच चुकीचं काही कानावर पडलं तर एकदा खाकरायचे. काकूंना ते खाकरणं बरोबर कळायचं.

त्या वर्षी क्रीडागृहात मुलींच्या राष्ट्रीय संघांची युवा व्हॉलीबॉल स्पर्धा आली. सोळा देश, आणि सगळ्या मुली अठराच्या आतल्या. रस्त्यावरच्या खांबांना झेंडे लागले. एक रंगारी शिडी घेऊन आला आणि चार नंबरच्या दारावरचा भलामोठा चारचा आकडा लाल रंगात नव्याने रंगवून गेला. रोज सकाळी बसमधून उतरलेल्या मुलींच्या रांगा दुकानासमोरून सरावाला जाऊ लागल्या. काकूंचं मशीन त्या वेळी आपसूक बंद पडायचं.

"अहो, बघा तरी! ही केवढी! हिची आई हिची वेणी कशी घालत असेल? स्टुलावर उभी राहून?"

काका बघायचे, पण बूट. "ती निळ्या बुटांची आहे ना, तिचा उजवा घोटा दुखतोय," ते एकदा म्हणाले. "उद्या नाही खेळायची."

दुसऱ्या दिवशी निळ्या बुटांची मुलगी खरंच घोट्याला पट्टी बांधून, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून गेली. काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तुम्हाला माणसाचं तोंड दाखवलं तर ओळखणार नाही तुम्ही," त्या म्हणाल्या, "पण पाय मात्र पुरेपूर कळतात."

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानात तिघीजणी आल्या. पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक कॉलेजची मुलगी. ती संघाबरोबर दुभाषी म्हणून नेमलेली. तिच्यामागे प्रशिक्षक: पन्नाशीच्या बाई, बारीक कापलेले केस, कपाळावर आठी. आणि सगळ्यात मागे एक मुलगी, जिला आत यायला कमरेत वाकावं लागलं. आत आल्यावरही तिला सरळ उभं राहता येईना, म्हणून काकूंनी तिला आपलं स्टूल दिलं. पायात रबरी चपला होत्या आणि टाचा त्यांच्या मागे दोन बोटं बाहेर आल्या होत्या.

दुभाषीने पिशवीतून एक बूट काढला. डावा. काकांनी तो हातात घेतला आणि सवयीने आपल्या हातावर मोजला. टाच कोपराला लावली तर टोक मनगटाच्या पुढे गेलं. सोल चवड्यापासून निम्म्यापर्यंत उखडून जिभेसारखा लोंबत होता, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे.

"काल उपांत्य सामन्यात उघडला," दुभाषी म्हणाली. "पट्टी गुंडाळून खेळली कशीतरी. दुसरा जोड होता, पण तो ज्या बॅगेत होता ती बॅग विमानतळावरून अजून आलीच नाही. काल अख्खं शहर पालथं घातलं, काका. एवढ्या मापाचा बूट कुठेच नाही. आज ज्यांच्याशी सामना आहे ना, त्यांच्या कॅप्टनने स्वतःचे बूट आणून दिले. पण तेही अंगठाभर आखूड."

"समोरच्या संघातलीने?" काकूंनी विचारलं.

"हो. म्हणाली, अनवाणी मुलीला हरवून मला काय मिळणार?"

काकांनी चिकटपट्टी सोलून काढली, बोटाने आतली बाजू चाचपली, वास घेतला. "सामना कधी?"

"पाचला."

"चिकटवायचं सोल्युशन पुरतं वाळायला एक दिवस लागतो."

दुभाषीने ते सांगितलं. प्रशिक्षकबाईंच्या कपाळावर आणखी एक आठी उमटली. मुलगी मात्र काकांच्या हाताकडे बघत होती. एखादं आजारी जनावर डॉक्टरकडे नेल्यावर पोरं बघतात, तशी.

"पण मी वरून टाके घातले तर निभेल," काका म्हणाले. "तिला विचार, उडी मारल्यावर ती कुठल्या पायावर उतरते?"

प्रश्न मुलीपर्यंत पोचला. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग थांबली, काहीतरी पुटपुटली आणि वाकून बाहेर गेली.

"करूनच दाखवते म्हणते," दुभाषी हसली. "हिला बोलण्याचा कंटाळा."

"मग यांच्याच घरातली दिसतेय," काकू म्हणाल्या.

मुलीने चपला काढल्या. दुकानासमोरच्या फरसबंदीवर चार पावलं मागे गेली. दोन्ही हात मागे झुलवले. एक पाऊल, दुसरं लांब, मग दोन झटपट, आणि ती जमिनीवर नव्हती.

काकूंच्या हातात कात्री होती, ती तशीच उघडी राहिली. मुलगी वर गेली ती जातच राहिली. दारावरचा चारचा आकडा, जो रंगवायला स्पर्धेआधी रंगाऱ्याला शिडी लागली होती, त्याच्या बरोब्बर मध्यावर तिचा पंजा पडला. फाट! आणि मग ती खाली आली. काका गुडघ्यावर बसून जमिनीकडेच बघत होते. आधी डावा पाय टेकला, पाठोपाठ उजवा. फरसबंदीचा हादरा त्यांच्या गुडघ्याला जाणवला.

मुलीने तळहाताला लागलेली धूळ पँटला पुसली आणि जणू वाण्याकडून वाटाणे आणायला गेली होती अशा सहजपणे परत येऊन स्टुलावर बसली.

"दिवसाला अशा किती उड्या मारते ही?" काकांनी विचारलं.

"सामना रंगला तर दीडशे. सरावात वेगळ्या."

काकांनी त्या बुटाकडे पुन्हा एकदा पाहिलं. बूट हातात घेतल्यापासून त्यांच्या मनात होतं की कारखान्याने काम वाईट केलंय. आता त्यांना वाटलं, यात कारखान्याची काहीच चूक नाही. एवढं सगळं वजन एवढ्या उंचीवरून दिवसाला दीडशे वेळा झेलायचं, तेही हाताच्या पंजाएवढ्या जागेवर! बुटाने इतके दिवस दम धरला हेच खूप होतं.

"हिचं नाव काय गं?" काकूंनी विचारलं.

"संघात हिला चिमणी म्हणतात," दुभाषी म्हणाली. "बाराव्या वर्षापर्यंत वर्गात सगळ्यात बुटकी होती म्हणे. मग वाढली, पण नाव काही बदललं नाही."

त्या गेल्यावर काकांनी दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली. "आज दुसरं काम नाही," ते म्हणाले. असं ते एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणत होते.

जुनं सोल्युशन रापीच्या पात्याने खरवडून काढलं. दोन्ही बाजू कानशीने घासून खडबडीत केल्या. सोल्युशनचा पहिला पातळ हात दिला, वाळू दिला. मग दुसरा. बोटाचं टोक लावल्यावर चिकटेल पण बोटाला येणार नाही, तेवढा वेळ वाट पाहिली. ही वेळ घड्याळात नसते, बोटात असते. मग सोल बसवला आणि टोकापासून टाचेपर्यंत हातोडीने ठोकत गेले. त्यानंतर भोकं पाडायची आरी आणि मेण लावलेला दुहेरी दोरा. सोलच्या कडेकडेने, आतून बाहेर, बाहेरून आत, एकेक टाका ओढून घट्ट करत. चवड्याच्या आतल्या बाजूला, जिथे तिचा पाय आधी टेकला होता, तिथे त्यांनी टाके निम्म्या अंतरावर घातले.

उजवा बूटही दुभाषी ठेवून गेली होती. काकांनी तो वाकवून पाहिला, कडेला अंगठा दाबून पाहिला. टोकाशी केसाएवढी फट होती. तिथे त्यांनी सोल्युशन भरलं आणि शिकंज्यात दाबून ठेवला.

"त्यालाही टाके घाला की," काकू म्हणाल्या.

"नको. चांगला आहे तो. उगाच भोकं पाडली तर कमजोर होईल."

"मला आपलं वाटलं."

"तुला चेनमधलं कळतं. हे माझं काम."

काकू गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या याचीच काकांना जरा चुटपुट लागली.

चार वाजता दुभाषी धावतपळत आली. मुलीने बूट घातले, दुकानाबाहेर दोनदा जागच्या जागी उसळली, आणि काकांना दोन्ही अंगठे वर करून दाखवले. मग प्रशिक्षकबाईंनी पाठवलेली दोन कार्डं दुभाषीने पुढे केली.

"तुम्ही दोघांनी आमच्या बाकामागे बसायचं आहे. हत्यारांची पिशवी घेऊन. बाई म्हणतात, बूट बरा असेल, पण बूट बरा करणारा जवळ असला म्हणजे बरं."

काका म्हणणार होते की दुकान कोण बघणार. पण काकूंनी तोवर कार्ड गळ्यात घातलंही होतं आणि त्या फळी ओढत होत्या.

आत पाऊल टाकलं आणि काका दारातच थबकले. त्यांना वाटलं होतं, जिन्याखाली असतो तसाच अंधार, कोंदट वास आणि गोंगाट वरही असेल. पण समोर एवढा उजेड होता की कशाचीच सावली पडत नव्हती. छत इतकं दूर होतं की ते छत आहे हे आठवावं लागत होतं. चारी बाजूंनी माणसंच माणसं, आणि या सगळ्याच्या मधोमध केशरी रंगाचा एक साधा चौकोन, मधून ताणलेली जाळी. एवढ्याशा चौकोनासाठी एवढं मोठं आभाळ बांधलं होतं.

"एकतीस वर्षं," काकू कुजबुजल्या, "आपण याच्या खाली बसलोय."

सामना सुरू झाला. पहिला सेटभर काकांनी फक्त डावा बूट पाहिला. चेंडू कुठे आहे, गुण कुणाला मिळाला, त्यांना पत्ता नव्हता. बूट उठायचा, दिसेनासा व्हायचा, परत यायचा. प्रत्येक वेळी तो टेकला की काका पुढे वाकून सोल बघायचे, आणि तो शाबूत दिसला की त्यांची मोजणी पुढे सरकायची. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. पहिला सेट चिमणीच्या संघाने जिंकला हे त्यांना लोक ओरडल्यावर कळलं. सेट संपला की संघ बाजू बदलतात, बाकही बदलतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दुभाषीने हात धरून दोघांना पिशवीसकट पलीकडे पळवलं. "नव्या घरी बिऱ्हाड मांडा," काकू धापा टाकत म्हणाल्या.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर काकूंनी सरळ त्यांच्या हनुवटीला हात लावला. "अहो, बुटाला काही होत नाही. वर बघा. जरा वर बघा हो!"

काकांनी वर पाहिलं.

चेंडू जाळीपासून बराच उंच, जवळजवळ थांबल्यासारखा तरंगत होता आणि चिमणी त्याच्याकडे निघाली होती. सकाळी फरसबंदीवर पाहिलेली तीच चार पावलं. पण सकाळी काका पायांकडे बघत होते. आता त्यांना ती सगळी दिसली. मागे ताणलेला हात, धनुष्यासारखी वाकलेली पाठ, आणि चेहरा. रागही नाही, जोरही नाही, नुसती उत्सुकता, पत्र उघडताना असते तशी. जाळीपलीकडून तीन मुलींचे सहा हात भिंतीसारखे वर आले, ते खाली जायला लागले, आणि चिमणी अजून वरच होती. वर पोचून ती क्षणभर तिथे राहिली. काका शपथेवर सांगायला तयार होते की ती तिथे राहिली. मग हात फिरला, चेंडूचा आवाज झाला आणि पलीकडच्या मैदानात कुणी हलायच्या आत सगळं संपलं होतं.

काकांच्या हातून पिशवी खाली घसरली. ते उभे राहिले होते, हे त्यांना मागच्या माणसाने खांद्याला हात लावून बसवलं तेव्हा समजलं.

"ही सतरा वर्षांची आहे?" त्यांनी विचारलं.

"सतरालाही दोन महिने कमी," दुभाषी म्हणाली.

त्यानंतर काकांनी पायांकडे पाहिलं नाही. आणि पाहता पाहता त्यांना कळलं की एकटी चिमणीच नाही, त्या चौकोनातल्या बाराही जणी तसल्याच आहेत. बूट देऊ करणारी ती समोरची कॅप्टन तर जाहिरातीच्या फळ्यांवरून पलीकडे झेपावून मेलेला चेंडू जिवंत करत होती, आणि उठून लगेच हसत होती. दुसरा सेट तिच्या संघाने घेतला, तिसराही त्यांनीच. काकांना कुणाची बाजू घ्यावी हे सुधरेना.

चौथ्या सेटमध्ये चिमणीचा संघ तीन गुणांनी मागे असताना ती उतरली आणि अडखळली. पंचांकडे हात केला आणि पाय वर उचलून दाखवला. सोल टोकापासून उघडा पडला होता.

उजव्या बुटाचा.

काकूंनी पिशवी उघडून आरी काकांच्या हातात दिली, एवढंच. तोवर चिमणी बाहेर आली होती. तिच्या जागी पाठवायची ती निळ्या बुटांची मुलगी अजून पट्टी बांधून बाकावर बसलेली, म्हणून प्रशिक्षकबाईंनी एका भलत्याच छोट्या मुलीला आत ढकललं. ती चिमणीच्या कोपराशी लागत होती. काकूंनी तिचं जागच्या जागी बारसं केलं: लवंगी.

बूट कठड्यावरून काकांकडे आला. ते जमिनीवर मांडी घालून बसले, बूट दोन गुडघ्यांत धरला. एका पायात मोजा, एका पायात बूट अशी चिमणी कठड्यापलीकडे उभी होती. सोल्युशनला वेळ नव्हता. फक्त टाके. पहिल्याच टाक्याला आरी सटकली आणि बोटात घुसली.

"तिला सांग," ते दुभाषीला म्हणाले, मान वर न करता. "ही चूक माझी. माझ्या बायकोने मला टाके घालायला सांगितले होते, मीच ऐकलं नाही. सांग तिला."

दुभाषीने सांगितलं. चिमणी वाकली, कठड्यावर हनुवटी ठेवून काकांच्या चेहऱ्याजवळ आली आणि दोनच शब्द बोलली.

"काय म्हणाली?"

"पुढचा बॉल," दुभाषी म्हणाली. "यांच्याकडे कुणाची चूक झाली की सगळ्या एवढंच म्हणतात. त्याच्यावर बोलायचं नाही. पुढचा बॉल."

काकांनी बोट पँटला पुसलं आणि पुढचा टाका घातला.

त्यांना काही दिसत नव्हतं. मैदानाकडे पाठ होती. वरून फक्त काकूंचा आवाज येत होता. "गेला... नाही, उचलला! लवंगीने उचलला! अहो, जाळीपाशी ती दिसतसुद्धा नाहीये... त्या मोठ्या पोरींच्या मध्ये... हाणला! त्यांच्या बोटांना लावून बाहेर काढला हो! मुद्दाम! बोटांच्या टोकांना लावला मुद्दाम!" मग आरोळी. मग शांतता. टाका. आरोळी. टाका. "बरोबरी झाली. अहो, बरोबरी झाली!"

शेवटची गाठ मारून काकांनी दोरा दाताने तोडला तेव्हा गुणफलकावर बावीस-तेवीस होते. चिमणीने बूट घातला, नाडी आवळली. प्रशिक्षकबाईंनी वळून तिला खूण केली: ये, आत जा.

चिमणीने मान हलवली. नाही. तिने मैदानाकडे बोट केलं, लवंगीकडे.

प्रशिक्षकबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात खाली घेतला.

"वेडी आहे का?" काकू म्हणाल्या. बाहेर उभी राहून चिमणी लवंगीसाठी ओरडत होती, इतकी की गळ्याच्या शिरा फुगल्या. तिच्या देशाचा अंतिम सामना होता, तिचे बूट तयार होते, आणि ती मैत्रिणीची पाळी मैत्रिणीला देत होती. सव्वीस-चोवीस. लवंगीच्या शेवटच्या फटक्यावर चौथा सेट चिमणीच्या संघाचा झाला आणि चिमणीने त्या पोरीला बाहुलीसारखं उचलून गोल फिरवलं.

पाचवा सेट पंधरा गुणांचा. चिमणी आत गेली. काकांनी आता बूट पाहिला नाही की बाजू पाहिली नाही. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा. पुढे एक गुण पलीकडे गेला आणि त्यानंतरचा चेंडू जमिनीवर पडायलाच तयार होईना. चिमणीने तीनदा हाणला, तीनदा कुणीतरी उचलला. पलीकडून कॅप्टनने हाणला, तो चिमणीच्या संघातल्या दुसऱ्या एकीने पालथं पडून मुठीवर घेतला. इतक्या हजार माणसांत आता कुणी ओरडतही नव्हतं. फक्त बुटांचे तळवे जमिनीवर करकरत होते, आणि मुलींच्या एकमेकींना दिलेल्या हाका. पुन्हा चिमणीकडे आला. ती गेली, वर पोचली, तिथे राहिली. या वेळी पलीकडून कॅप्टनही वर पोचली होती आणि तीही तिथे राहिली. दोघी समोरासमोर, जाळीच्या दोन बाजूंना, जमिनीपासून कितीतरी वर. चेंडू कॅप्टनच्या हातांवर आपटला आणि सरळ खाली, चिमणीच्या पायांपाशी पडला.

सतरा-पंधरा. संपलं.

चिमणी जिथे उतरली तिथेच गुडघ्यावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. कॅप्टन जाळीखालून वाकून इकडे आली, आपल्या संघाकडे जायच्या आधी. चिमणीसमोर तशीच गुडघ्यावर बसून राहिली, कपाळाला कपाळ लावून, तिचं रडणं थांबेपर्यंत. मागे कॅप्टनच्या मैत्रिणी एकमेकींच्या अंगावर ढीग करून नाचत होत्या.

काकू पदरासारखी ओढणी तोंडाला लावून हुंदके देत होत्या. "इतकं करूनही हरतात हो," त्या म्हणत होत्या. "इतकं सगळं करूनही."

बक्षीससमारंभ झाल्यावर चिमणी गळ्यात रुपेरी पदक घालून कठड्याशी आली. डोळे सुजले होते, पण हसत होती. काकांसमोर तिने दोन्ही पाय एकेक करून कठड्यावर ठेवले, सोल दिसतील असे. काकांनी कडेने बोट फिरवलं. डावा, मग उजवा. एकही टाका सरकला नव्हता. त्यांनी मान डोलवली. तिनेही डोलवली. दोघांनाही बोलण्याचा कंटाळा, तेवढ्यात सगळं बोलून झालं. मग लवंगी मागून येऊन तिच्या पाठीवर चढली आणि दोघी निघून गेल्या.

माणसं पांगली. कामगारांनी जाळी सोडली, खांब उचलले, केशरी चौकोनाच्या पट्ट्या गुंडाळायला सुरुवात केली. काका पिशवी मांडीवर घेऊन बसूनच होते.

"चला आता," काकू म्हणाल्या. "का इथेच राहायचंय?"

काका खाकरले. काकूंना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पण काका त्यांच्याकडे बघत नव्हते. जिथे आता नुसती मोकळी हवा होती, तिथे, मघाच्या जाळीच्याही वर, ते बघत होते.

"तू जे म्हणालीस ना, टाके घालायला," ते म्हणाले. "ते बरोबर होतं."

"असू दे हो."

"नाही, ऐक. बरोबर होतं." त्यांनी वर बोट केलं. "आणि त्या दोघी वर गेल्या होत्या शेवटी. राहिल्या होत्या तिथे. तूही पाहिलंस ना? का मलाच वाटलं?"

काकू नवऱ्याच्या शेजारी पुन्हा खाली बसल्या, त्यांच्या हाताच्या रक्त साकळलेल्या बोटावर आपला रुमाल गुंडाळला आणि त्या रिकाम्या हवेकडे बघत म्हणाल्या, "पाहिलं."